कुरकुंभची गोळी आणि पेटंटची सनद

पुणे-सोलापूर महामार्गाने दौंड तालुक्यात शिरल्यावर फिरंगाई देवीचे कुरकुंभ लागते. तेथील औद्योगिक वसाहतीत रसायनांचे व औषधांचे अनेक कारखाने आहेत, आणि त्यांत सिप्ला व एमक्युअर या नामांकित कंपन्यांचेही आहेत. औषधाच्या पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेला कुरकुंभचा पत्ता वाचणाऱ्या रुग्णाला, ती गोळी आपल्याला परवडते यात रसायनशास्त्राइतकाच एका कायद्याचा वाटा आहे, याची जाणीव क्वचितच असते.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे संमत झालेला १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या पदार्थावर कोणाचीही मक्तेदारी न मानता केवळ तो तयार करण्याच्या कृतीवर, आणि तीही फार तर सात वर्षे, हक्क देण्याची तरतूद त्यात होती. त्यामुळे निराळा कच्चा माल, निराळे द्रावक, निराळे तापमान किंवा अभिक्रियांचा निराळा क्रम योजून तोच रेणू घडवणाऱ्या रसायनज्ञाला मार्ग मोकळा झाला. पाश्चात्त्य कंपन्यांच्या एचआयव्हीवरील तीन औषधांच्या उपचाराला वर्षाकाठी दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येत असताना, २००१ साली सिप्लाने तो साडेतीनशे डॉलरांत देऊ केला, ते या मोकळिकीच्या बळावर.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ पासून पदार्थावरही वीस वर्षांचे पेटंट देणे आपल्याला भाग पडले. परंतु त्यासाठी कायद्यात केलेल्या दुरुस्तीतच संसदेने कलम ३(घ) ला आजचे रूप दिले: जुन्याच औषधाचा नवा क्षार, नवे स्फटिकरूप किंवा नवा कणाकार हा परिणामकारकतेत लक्षणीय भर घालत नसेल, तर त्याला नवा शोध मानायचे नाही. याच कसोटीवर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या ‘ग्लिव्हेक’ या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाचा दावा फेटाळला.

मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने बेडाक्विलीन या क्षयरोगावरील औषधाच्या फ्युमरेट क्षाराची दरखास्त नामंजूर केली. त्या दरखास्तीवर हरकत घेणाऱ्यांत क्षयाशी झुंजून बऱ्या झालेल्या दोन स्त्रिया होत्या, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. मूळ पेटंटची मुदत त्याच वर्षीच्या जुलैत संपत होती. क्षाराचे पेटंट मिळाले असते तर मक्तेदारी आणखी चारेक वर्षे लांबली असती.

आता नवे रेणू सुचवण्याचे काम संगणकही करू लागला आहे. यंत्राला संशोधक म्हणता येईल काय, या प्रश्नाला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये नकारार्थी उत्तर दिले. आपल्या कायद्याची भाषाही ‘खऱ्या व प्रथम संशोधका’ला माणूस समजूनच योजलेली आहे. माझ्या मते मात्र याहून निकडीचा प्रश्न दुसरा आहे. त्या विषयातील जाणकाराला जे सहज सुचले असते त्याला पेटंट देऊ नये, हे जुने तत्त्व होय; परंतु त्या जाणकाराच्या हाताशी आज संगणक असेल, आणि एका रेणूचे असंख्य क्षार व स्फटिक तो अल्पावधीत मांडू शकत असेल, तर ‘सहज’ याची मर्यादा पूर्वीपेक्षा कितीतरी पुढे सरकवली पाहिजे. एरवी कष्टाविना निघालेल्या रूपांतरांच्या दरखास्तींखाली परीक्षकांचे दप्तर दबून जाईल.

अशा वेळी हरकतीचा दरवाजा रुंद हवा. कलम २५ नुसार पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणत्याही व्यक्तीला हरकत घेता येते. परंतु मार्च २०२४ च्या सुधारित नियमांनी त्या हरकतीवर शुल्क बसवले आणि ती विचारार्थ घेण्याजोगी आहे की नाही हे नियंत्रकाने प्रथम ठरवावे असे सांगितले. बड्या कंपनीला त्या शुल्काचे काहीच वाटणार नाही. रुग्णांच्या संघटनांना मात्र प्रत्येक हरकतीपूर्वी त्याचा हिशेब मांडावा लागेल, म्हणून रुग्णांसाठी तरी हे शुल्क सरकारने माफ करावे.