कर्ज दुसऱ्याचे, तगादा आपल्याला!

मंडळी, अमेरिकेत आपल्यात जोशी, पाटील, कुलकर्णी पुष्कळ. नावसाधर्म्यामुळे किंवा आपला फोन नंबर पूर्वी दुसऱ्याचा असल्यामुळे वसुली एजन्सीचा फोन भलत्याच घरी येतो. अशा वेळी कटकट नको म्हणून थोडेसुद्धा पैसे भरू नका. तो कर्जाचा कबुलीजबाब समजला जाऊ शकतो. सोशल सिक्युरिटी नंबरही फोनवर सांगू नका.

१९७७ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे पहिल्या संपर्कापासून ५ दिवसांत एजन्सीने कर्जाचा तपशील कळवायला हवा. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत "हे कर्ज माझे नाही, पुरावा द्या" असे पत्र सर्टिफाइड मेलने, पोहोचपावतीसह पाठवावे. प्रत जपून ठेवावी. पुरावा देईपर्यंत एजन्सीला वसुली थांबवावी लागते. न थांबल्यास फेडरल ट्रेड कमिशन किंवा राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार करता येते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात असू द्या. भावाच्या किंवा मित्राच्या कर्जावर को-साइन केले असेल, तर ते कर्ज आपलेही असते. आणि कोर्टाचे समन्स आले, तर "माझा काय संबंध?" म्हणून बाजूला टाकू नका. मुदतीत उत्तर दिले नाही, तर एकतर्फी निकाल आपल्याविरुद्ध लागू शकतो.