माळवद गेले, पत्रा आला

मेच्या 25 तारखेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि विदर्भात नवतपा लागतो. त्याच आठवड्यात नागपूरला शून्य सावलीचा दिवसही येतो. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच मिटून जाते. शाळकरी मुले हा खेळ मैदानात हौसेने पाहतात. घरासाठी मात्र तो कसोटीचा काळ असतो. या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. पूर्वेची भिंत सकाळी तापते, पश्चिमेची दुपारनंतर. छपराला मात्र उगवतीपासून मावळतीपर्यंत उसंत नसते, आणि ऊन सर्वांत कडक असते तेव्हा ते त्याच्यावर सरळ पडते.

तरीही उन्हाळ्याची तयारी करताना छपराकडे शेवटी लक्ष जाते. कूलरची टाकी घासली जाते, नवी वाळ्याची ताटी बसते, खिडक्यांना जाड पडदे लागतात. हे सगळे उपाय कामाचे आहेत. पण कूलर खोलीतली हवा गार करतो, तापलेला पत्रा किंवा स्लॅब तो गार करत नाही. तापलेली वस्तू मधल्या हवेची वाट न पाहता थेट समोरच्या अंगाकडे उष्णता फेकते. शाळेच्या विज्ञानात तिला प्रारण म्हणतात. कूलरची हवा अंगावर येत असतानाही कपाळ आणि टाळू भाजल्यासारखे वाटतात, त्यामागे हेच कारण असते.

मराठवाड्यात, खानदेशात आणि पश्चिम विदर्भात या त्रासावर जुना उपाय होता. त्याचे नाव माळवद, म्हणजेच धाबे. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या अंथरायच्या, वर कडुलिंबासारख्या झाडाचा पाला घालायचा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर चोपून बसवायचा. ही माती चिकट असल्याने पावसाचे पाणी सहसा आत झिरपू देत नसे. तिची जाडी उन्हालाही आत शिरू देत नसे. दुपारचे ऊन मातीत हळूहळू उतरे. ते तळाशी पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असे, आणि रात्री घरची माणसे त्याच धाब्यावर अंथरूण टाकून उघड्या आभाळाखाली झोपत.

कोकणाने वेगळा मार्ग काढला. तिथल्या कौलारू घरात कौले आणि राहती खोली यांच्यामध्ये माळा असतो. वर भाताची कणगी, नारळ आणि जुनी भांडी ठेवली जातात. खालच्या माणसांच्या डोक्यावर हवेचा एक मोठा थर राहतो आणि उन्हाचा मारा तोच सोसतो. 1865 मध्ये मंगळूरला बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी कौलांचा कारखाना उभारला आणि पुढे मंगळुरी कौले सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. कौलांच्या सांध्यांतून माळ्यावरची गरम हवा बाहेर निसटते. थंडीच्या देशात घराचा माळा लोकरी गादीसारख्या थराने भरून टाकतात, तो आतली ऊब टिकावी म्हणून. आपल्याकडे मोकळा, हवेशीर माळा उष्णता बाहेर ठेवायचे काम करत आला आहे.

माळवदाचा शेवट दुःखाचा झाला. पावसाळ्यापूर्वी डागडुजी करताना धाब्यावर दरवर्षी नवी माती पडत गेली. काही घरांवर तिचा थर दीड-दोन फुटांवर पोहोचला. खाली मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती आणि लोक घरात झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीखाली गाडली गेली. ज्या छपराने पिढ्यान्‌पिढ्या सावली दिली, त्याचे वजनच जिवावर उठले. त्यानंतर कित्येकांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. जड छपराची भीती लोकांच्या मनात घर करून राहिली, आणि ती रास्त होती.

माळवदाच्या जागी पत्रा आला, ऐपत असलेल्यांकडे स्लॅब आला. दोन्ही भूकंपाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित बांधता येतात. पण वजनाबरोबर सावलीही गेली, आणि ती परत आणण्याचे काम बहुतेक घरांत राहूनच गेले.

पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा. उन्हात वरची बाजू तापली की काही क्षणांत खालची बाजू तितकीच तापते. सूर्य मावळल्यावर तो झटकन निवतोही. स्लॅबचा स्वभाव उलटा आहे. तो दिवसभर उष्णता साठवतो आणि संध्याकाळनंतर आत सोडत राहतो. म्हणून बाहेर वारा सुटलेला असला तरी रात्री 10 वाजता वरच्या मजल्यावरच्या सिलिंगला हात लावला तर ते कोमट लागते.

छपरातून उष्णता किती सहज वाहते, हे सांगणारे एक माप आहे. त्याला यू-मूल्य म्हणतात. आतबाहेर एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत येते, ते हा आकडा सांगतो. 6 इंची साध्या काँक्रीट स्लॅबचे यू-मूल्य 3 ते 3.5 च्या दरम्यान भरते. आता 10 चौरस मीटरची खोली घेऊ, म्हणजे साधारण 10 बाय 11 फुटांची. छपराचा वरचा पृष्ठभाग खोलीपेक्षा 30 अंशांनी जास्त तापला, तर ढोबळ हिशेबाने हजार वॅट उष्णता आत येऊ लागते. सिलिंगला हजार वॅटची विजेची शेगडी उलटी टांगल्यासारखेच ते आहे. स्लॅब आधी स्वतः उष्णता पितो, त्यामुळे हा आकडा तासागणिक बदलतो. पण वरच्या मजल्यावरचा एसी थांबायचे नाव का घेत नाही, हे त्यावरून कळते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने 2018 मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. तिने घराच्या छपरासाठी यू-मूल्याची कमाल मर्यादा 1.2 ठरवली. उघडा स्लॅब त्याच्या जवळपासही येत नाही.

उपाय दोन टप्प्यांत पाहता येतात. पहिला, ऊन छपरावरूनच परत पाठवायचे. दुसरा, जे छपरात शिरले ते खोलीपर्यंत पोहोचू द्यायचे नाही.

परत पाठवायला पांढरा रंग लागतो. काळपट छप्पर उन्हाळ्याच्या दुपारी 65 अंशांच्या पुढे जाऊ शकते. ऊन परतवणारे पांढरे छप्पर त्याच वेळी 28 अंशांपर्यंत कमी तापते. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे चुना. गच्ची झाडून धुवायची, चुन्यात चिकट द्रव्य मिसळायचे आणि दोन-तीन हात मारायचे. पावसात तो धुपतो, म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी पुन्हा मारावा लागतो. उष्णता परतवणारे तयार रंग महाग असले तरी काही वर्षे टिकतात. जुन्या शहरांतल्या गच्च्यांवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेले दिसतात. लोक त्याला चायना मोझॅक म्हणतात. खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चकचकीत पांढरा थर, अशा रचनेत गळती आणि ऊन या दोन्हींचा बंदोबस्त होतो. कोणताही पांढरा थर धुळीने मळला की त्याचा गुण उतरतो. त्यामुळे उन्हाळ्यात अधूनमधून गच्ची धुणे हा याच उपायाचा भाग आहे.

याचा मोठा प्रयोग अहमदाबादेत झाला. मे 2010 मध्ये तिथे पारा 46.8 अंशांवर गेला. नेहमीच्या मे महिन्यापेक्षा त्या महिन्यात 1,344 मृत्यू जास्त झाले, असे पुढच्या अभ्यासात आढळले. 2013 मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा आणला. दक्षिण आशियातला तो पहिला मानला जातो. 2017 मध्ये तिथल्या वस्त्यांमधील सुमारे 3 हजार छपरांवर चुना मारण्यात आला. महिला हाउसिंग ट्रस्ट ही संस्था तिथल्या बायकांना सोबत घेऊन हे काम करत आली आहे. शिवणयंत्रावर, स्वयंपाकात किंवा आजाऱ्याच्या उशाशी भर दुपारी पत्र्याखाली असतात त्या बहुधा बायकाच. म्हणून छपराचा प्रश्न त्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. तेलंगणाने 2023 मध्ये देशातले पहिले शीत छप्पर धोरण जाहीर केले आणि 2028 पर्यंत 300 चौरस किलोमीटर छप्पर त्याखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले.

रंगाकडून अपेक्षा मात्र बेताची असावी. खोलीचे तापमान साधारण 2 ते 5 अंशांनी उतरू शकते. घर, छपराचा प्रकार आणि वारा यांप्रमाणे हा फरक कमीजास्त होतो. 44 अंशांच्या दिवशी घर महाबळेश्वर होत नाही, पण म्हाताऱ्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला दोन-तीन अंशांचाही आधार मोठा असतो.

दुसऱ्या टप्प्यात उष्णतारोधक थर येतो. हवा हीच मुळात उष्णतेची वाईट वाहक आहे, फक्त ती एका जागी कोंडून धरायला हवी. थर्माकोल, फोमचे तक्ते, काचलोकर हे सगळे तेच काम करतात. स्लॅबवर 40 मिलिमीटर जाडीचे, पाणी न पिणारे फोमचे तक्ते टाकून वर कोबा केला, तर यू-मूल्य 0.6 च्या आसपास उतरते. म्हणजे संहितेच्या मर्यादेच्या निम्मे. आणि हे तक्ते वजनाला अगदी हलके. माळवदाच्या फूटभर मातीने जे साधले, ते इथे दोन बोटे जाडीच्या थराने साधते. वरचा कोबा मात्र जड असतो, म्हणून जुन्या इमारतीत आधी अभियंत्याला विचारावे. तक्ते स्लॅबच्या वर टाकणे अधिक चांगले. काँक्रीट उन्हापासूनच वाचते आणि रात्री खोलीत सोडायला त्याच्याकडे उष्णता उरत नाही.

पत्र्याच्या घरात हेच काम खालून करता येते. पत्र्याखाली फूटभर जागा सोडून सिलिंग बांधले आणि त्यावर चकाकती ॲल्युमिनियमची फॉइल लावली, तर प्रारणाचा बहुतेक भाग परत फिरतो. फॉइलच्या एका बाजूला मोकळी हवा हवीच. पत्र्याला चिकटवून टाकली तर ती पत्र्याइतकीच तापते. मधल्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीची भोके ठेवली की गरम हवा बाहेर पडते. पैसे नसलेल्या घरांत लोक पत्र्यावर तुऱ्हाटी, पऱ्हाटी किंवा कडबा पसरतात, वर हिरवी जाळी ताणतात. त्यानेही सावली पडते. पण वाळलेल्या कडब्याला ठिणगी पुरते, म्हणून चुलीचे धुराडे आणि विजेच्या तारा त्यापासून दूर हव्यात.

आगीचा हाच धोका थर्माकोलच्या सिलिंगलाही असतो. चूल किंवा गॅस असलेल्या खोलीत ते उघडे ठेवू नये. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्यांना तारेच्या ब्रशने खरवडले किंवा भोके पाडली तर त्याचे घातक तंतू हवेत उडतात. असा पत्रा न घासता, पाण्याने हलक्या हाताने धुऊनच रंगवावा. स्लॅब गळत असेल तर आधी गळती बंद करावी, कारण भिजलेला थर उष्णता अडवत नाही. आणि छप्पर कितीही चांगले केले तरी रात्री खिडक्या उघडून दिवसभराची कोंडलेली उष्णता बाहेर काढावीच लागते.

हे सगळे एकदम करण्याची गरज नाही. मार्चमध्ये, गुढीपाडव्याच्या सुमारास, एकाच पत्र्याखालच्या दोन खोल्यांपैकी एकीच्या छपरावर चुना मारून पाहता येतो. दोन्ही खोल्यांत एकाच उंचीवर साधे तापमापक टांगायचे. दुपारी 3 ला आणि रात्री 10 ला दोन्हींचे आकडे वहीत टिपायचे, आठ दिवस. घरातल्या नववी-दहावीच्या मुलालाही हे काम जमते. नवतपा लागण्याआधी दुसऱ्या खोलीवर चुना मारायचा की नाही, आणि तोवर आजीची बाज कोणत्या खोलीत टाकायची, हे त्या वहीवरून ठरवता येईल.