मीठ खाल्लेलं नाणं

अकोटच्या शिवारात नांगराच्या फाळाला लागून वर आलेली शिवराई पहिल्या नजरेत नाणं वाटतच नाही. हिरवट खपल्या धरलेला खडाच तो. घरी आणला की हात आपसूक चिंच-मिठाकडे जातो. देवघरातला तांब्या असाच तर लखलखतो! शिवराईही लखलखते. फक्त ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं मोरीत वाहून गेलेली असतात. शतकानुशतकं मातीत राहिलेल्या तांब्यावर अक्षरांचा उठाव पुष्कळदा धातूत उरतच नाही, तो ऑक्साइडच्या तांबूस थरात टिकून असतो. थर खरवडला की मजकूर गेला.

त्यात हा तालुका बराचसा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. मातीतलं क्लोराइड तांब्यात शिरून दबा धरून बसतं. नाणं बाहेर येतं, पावसाळी दमट हवा लागते आणि अंगावर फिकट हिरवी भुकटी फुटू लागते. या क्रियेत तयार होणारं आम्ल उरलेलं तांबं खातं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. जाणकार याला कांस्यरोग म्हणतात. अशा नाण्याला मीठ चोळणं म्हणजे रोग्याला रोगच पाजणं.

म्हणून जाणता संग्राहक आधी नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवतो आणि पाणी बदलत राहतो. विहिरीचं पाणी इथे चालत नाही, ते स्वतःच खारं. काढलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला आणि पाणी दुधाळ झालं, तर क्लोराइड अजून निघतंय असं समजायचं. हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. मधल्या काळात भिंगाखाली, बांबूच्या टोकदार काडीने, भिजलेली माती कणाकणाने सोडवायची. तारेचा ब्रश वर्ज्य. शेवटी नाणं नीट वाळवून बेंझोट्रायझोलचा लेप. पण ते रसायन विषारी, प्रयोगशाळेवर सोडलेलं बरं.

एवढा सोस कशासाठी, याचं उत्तर वऱ्हाडातच आहे. 1939 मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांची पोटिन या मिश्रधातूची दीड हजारांवर नाणी सापडली. वा. वि. मिराशींनी ती वाचली, आणि पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ, कर्ण, शक असे सातकर्णी पुढे आले. कुणी ती नाणी आधीच चिंचेने घासली असती तर?

शिशाच्या नाण्याची तऱ्हा आणखी निराळी. त्याला डिस्टिल्ड वॉटरही मानवत नाही आणि लाकडी पेटीतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यावर पांढरी भुकटी चढते. आणि दहा रुपयांवर किमतीचा गाडलेला ठेवा सापडला, तर घासण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 1878 चा कायदा अजून लागू आहे.