सार्वजनिक उद्यान आणि आमचे बालचित्रकार

चित्र काढणें हा रिकामपणाचा उद्योग होय, असें मानणारे पालक आमच्या मुळशी भागांत अद्यापि पुष्कळ आहेत. त्यांचा आम्हांस राग येत नाहीं. ज्या घरीं भातलावणीच्या दिवसांत प्रत्येक हाताची गरज असते, तेथें मुलगा बांधावर बसून एखाद्या फुलाकडे टक लावून पाहूं लागला, तर आईबापांस काळजी वाटणारच. तथापि अशा पाहण्यास मान मिळण्याचीं स्थानें आहेत आणि सार्वजनिक उद्यान हें त्यांपैकीं एक आहे, एवढें त्यांच्या कानावर घालावें म्हणून हा लेखनप्रपंच.

पुण्याचें एम्प्रेस गार्डन आपणांपैकीं अनेकांनीं सहलीच्या निमित्तानें पाहिलें असेल. त्याची व्यवस्था अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही १८३० सालीं स्थापन झालेली संस्था पाहते. तेथें जानेवारीच्या अखेरीस पुष्पप्रदर्शन भरतें. गुलाब, शोभेच्या कुंड्या, बोन्साय, जपानी पद्धतीची पुष्परचना हें सारें त्यांत असतेंच. परंतु आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्याच सुमारास या बागेंत शाळकरी मुलांची चित्रकला-स्पर्धा होते. मुलें मोठमोठ्या वृक्षांच्या सावलींत जमिनीवर बसून चित्रें काढतात. दालनांत मांडावयाचें चित्र घरीं सावकाश पुरें करतां येतें. येथें वेळ थोडा असतो व येणाराजाणारा पाठीमागें उभा राहून पाहत असतो. त्याची संवय लागणें हीच निम्मी कमाई. विषय, वयोगट व इतर नियम जानेवारीच्या आरंभींच विचारून घ्यावे.

बाग आणि चित्रकार यांचें हें नातें पुण्यास नवें नव्हे. आमच्या तालुक्यांतून वाहत जाणारी मुळा खालीं जेथें पवनेस मिळते, त्या दापोडीच्या परिसरांत मुंबई सरकारनें १८२८ सालीं एक वनस्पति-उद्यान केलें होतें. इंग्रजी कागदांत त्याचें नांव ‘दापुरी’ असें आढळतें. अलेक्झांडर गिब्सन नांवाचे स्कॉटिश डॉक्टर १८३८ पासून त्याचे अधीक्षक होते; पुढें ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षकही झाले. त्यांच्या देखरेखीखालीं १८४७ ते १८५० या काळांत एका चित्रकारानें वनस्पतींचीं सुमारें १७० चित्रें काढलीं. दापोडीची ती बाग १८६५ सालीं बंद पडली, आणि १८७३ सालीं गणेशखिंडीस दुसरी झाली. चित्रें मात्र आज एडिंबरो येथील राजकीय वनस्पति-उद्यानांत जपून ठेवलेलीं आहेत. २००२ सालीं त्यांवर एक मोठा ग्रंथही निघाला. गिब्सनसाहेबांचें चरित्र त्यांत आहे. चित्रकाराचें देतां आलें नाहीं, कारण तो पोर्तुगीज-भारतीय होता यापलीकडे त्याच्याविषयीं माहिती नाहीं. त्याचें नांव कोणीं लिहूनच ठेवलें नाहीं!

याच्या उलट मॅरिअन नॉर्थ या इंग्रज बाईंचें पाहा. देशोदेशीं हिंडून (१८७७ ते १८७९ या काळांत त्या हिंदुस्थानांतही होत्या) त्यांनीं झाडाफुलांचीं चित्रें रंगविलीं आणि लंडनजवळील क्यू उद्यानांत तीं मांडण्याकरितां स्वखर्चानें इमारत बांधून दिली. १८८२ सालीं ती लोकांस खुली झाली. आठशेंहून अधिक चित्रें तेथें आजही त्यांच्याच नांवानें लागलेलीं आहेत. बाईंपाशीं पैसा होता हें खरें. पण नांव लिहावयास पैसा लागत नाहीं.

हें आम्ही इतक्या आग्रहानें लिहितों, कारण हा प्रमाद आमच्या हातूनही घडला आहे. शाळेच्या व्हरांड्यांत मुलांचीं चित्रें लावलीं असतां त्यांत पांगाऱ्याच्या फांदीचें एक फारच सुरेख चित्र होतें. मागें नांव नाहीं, इयत्ता नाहीं. तीन वर्गांत विचारून पाहिलें. कोणीही पुढें आलें नाहीं. चित्रें गोळा करतांनाच आम्हीं तीं उलटून पाहावयास हवीं होतीं.

आतां तयारीविषयीं. स्पर्धा म्हटली कीं आमच्या मुलांस गुलाब आणि कमळ हींच सुचतात. दिनदर्शिकेवरून उतरविलेला गुलाब परीक्षकांनीं शंभरदां पाहिलेला असतो. ज्यास ताम्हिणीच्या वाटेवरची रानहळद ठाऊक आहे, त्यानें गुलाबाच्या मागें कां लागावें? तिचा गुलाबी-जांभळा तुरा म्हणजे तिचें फूल नव्हे. तीं रंगीत पानें होत. खरें फूल पिवळें व लहान असून खालच्या हिरव्या खोबणींत दडलेलें असतें. पेन्सिल घेऊन बसल्याखेरीज हें सहसा ध्यानांत येत नाहीं.

अडचण आहे ती ऋतूची. स्पर्धा हिंवाळ्यांत, आणि आमच्या डोंगरांचा बहर आषाढापासून आश्विनापर्यंत. तेरडा, सोनकी, कळलावी सारीं पावसाचीं पोरें. कारवी तर साधारणतः सात वर्षांनीं एकदां सरसकट फुलते. पांचवींत ज्याची हुकली त्यास शाळा सुटेपर्यंत ती पुन्हां दिसेल न दिसेल. म्हणून चित्रवही पावसाळ्यांतच भरावी. फूल तोडून घरीं आणूं नये. तें लगेच कोमेजतें, आणि देवराईंतलें तर पानही आणूं नये. कळलावी विषारी आहे, तिला दुरूनच काढावें. आधीं सबंध झाडाची ठेवण पाहावी. पानें समोरासमोर आहेत कीं एकाआड एक, हें नीट मोजावें. एक पान उलटें करून त्याची मागील बाजूही काढावी. कळी, फूल व फळ एकाच कागदावर आणतां आलें तर उत्तम. माप मूळच्याइतकेंच ठेवावें. तयार हिरवा रंग सर्व पानांस सारखा फांसूं नये. पिवळा व निळा मिसळून, त्यांत तांबड्याचा किंचित् अंश घालून पाहावा, म्हणजे जांभळीचें पान आणि भाताचें पान यांतील फरक कागदावर उतरेल.

चित्राच्या मागें आपलें पूर्ण नांव, इयत्ता, गांव, तारीख आणि झाडाचें आपल्या वाडींत चालणारें नांव लिहावें. पुस्तकी नांव नंतर शोधतां येतें. स्पर्धेच्या दिवशीं पौडाहून पहाटेची गाडी गांठावी लागेल. तेव्हां मुलांसोबत कोण येणार, हें पालकांनीं नाताळच्या सुट्टीपूर्वीं शाळेंत कळवावें.