विश्वासमूल्यमापन (ऑनलाइन सेवा)

विश्वासमूल्यमापन म्हणजे एखादी ऑनलाइन सेवा विशिष्ट वापरकर्त्याच्या विशिष्ट कामासाठी कितपत भरवशाची आहे, हे पुराव्यांवरून ठरविण्याची पद्धत होय. स्टीफन मार्श यांनी १९९४ च्या प्रबंधात विश्वास या संकल्पनेची संगणकीय मांडणी केली.

२००२ मध्ये योसांग व इस्माईल यांनी बीटा पद्धत मांडली. तीत चांगल्या अनुभवांच्या संख्येत १ मिळवून एकूण अनुभवांत २ मिळवून येणाऱ्या संख्येने भागतात. दोनच अभिप्राय आणि दोन्ही चांगले असलेल्या सेवेस ०.७५ गुण मिळतात. १०० पैकी ९० चांगले असलेल्या सेवेस सुमारे ०.८९. अभिप्रायच बनावट असल्यास मात्र हे गणित निरुपयोगी ठरते.

शिवाय सर्वांसाठी काढलेला गुण प्रत्येकाच्या गरजेला लागू पडतोच असे नाही. भंडारा जिल्ह्यातील धान उत्पादकाला सातबाऱ्यावरील नोंद केवळ पाहायची असेल, तर महाभूलेख संकेतस्थळावरील विनास्वाक्षरी उतारा पुरतो. तो माहितीपुरताच असतो. तोच उतारा पीककर्जासाठी बँकेत द्यायचा असेल, तर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लागतो. त्यावरील पडताळणी क्रमांकावरून बँकेला त्याचा खरेपणा ऑनलाइन तपासता येतो. दोन्ही सेवा शासनाच्याच, फरक उपयोगाचा. त्यांची नक्कल करणारे संकेतस्थळ ओळखताना ताऱ्यांच्या संख्येपेक्षा पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे की नाही, हा पुरावा अधिक वजनाचा असतो.