लॅपटॉप माहुरात, काम पुण्यात: टर्मिनल म्हणजे नेमकं काय?

परवा माहूरच्याच एका ज्युनियरनं विचारलं, "पीएचडीसाठी सव्वा लाखाचा लॅपटॉप घेऊ का? सिम्युलेशन चालवायची आहेत." मी म्हटलं, पैसे काढायच्या आधी एक गोष्ट समजून घे: तुझं काम होणार कुठे?

नांदेड स्टेशनच्या आरक्षण खिडकीसमोर तुम्ही कधीतरी उभे राहिला असाल. आतला क्लार्क गाडी नंबर आणि तारीख टाकतो, बर्थ मिळतो, तिकीट छापून येतं. पण कोणता बर्थ रिकामा आहे हे त्याच्या टेबलावरच्या डब्याला ठाऊक नसतं. हा हिशोब लांबच्या संगणकावर चालतो. खिडकीवरचा डबा दाबलेल्या कळा तिकडे पाठवतो आणि आलेलं उत्तर दाखवतो, एवढंच. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही अशी ५ केंद्रं १९९९ पर्यंत एकमेकांना जोडली गेली. म्हणून तर नांदेडला बसून हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट निघतं. डबा बिघडला तर दुसरा लावायचा. तुमचं आरक्षण जागच्या जागी असतं.

हाच थिन क्लायंट. पडदा, कळफलक, नेटवर्क आणि जेमतेम मेमरी. खरी मेहनत लांबचा सर्व्हर करतो. एकाच सर्व्हरवर अनेक जण आत येतात आणि प्रत्येकाला स्वतःचं वेगळं सेशन मिळतं, ही सोय म्हणजे टर्मिनल सर्व्हिस. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टनं ती १९९८ साली एनटी ४.० च्या खास आवृत्तीत दिली. आज तिला रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस म्हणतात. युनिक्सवाल्यांकडे एका मशीनवर अनेक माणसं ही पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून होती. संशोधनात तुमची गाठ बहुतेक वेळा लिनक्सशी आणि एसएसएचशी पडेल.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी घरून, माहूरहून, पुण्यातल्या एका मशीनवर मी ९ तासांचं रन लावलं आणि झोपलो. रात्री वीज गेली, राऊटर बंद पडला. मनात म्हटलं, जाऊ दे, काम तर पुण्यात चाललंय ना! सकाळी पाहतो तर रन अर्ध्यातच मेलेलं. दुसऱ्या दिवशी गाईडसमोर आकडे ठेवायचे होते, ते ठेवताच आले नाहीत.

चूक समजुतीत होती. काम पुण्यात चाललं होतं हे खरं, पण ते माझ्या सेशनच्या पोटात जन्मलेलं होतं. माझ्याकडून काहीच येत नाही हे सर्व्हरच्या थोड्या वेळानं लक्षात आलं, त्यानं टर्मिनल बंद केलं आणि त्यातल्या प्रोग्रामला 'फोन ठेवला' असा संकेत दिला. हा संकेत मिळाल्यावर काय करायचं ते वेगळं सांगितलेलं नसेल, तर प्रोग्राम गुपचूप मरतो. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये उलट असतं: कनेक्शन तुटलं तरी सेशन सहसा आत जिवंत राहतं, पुन्हा आलात की खिडक्या जशाच्या तशा. तिथे मारतं ते साइन आऊट. काही ठिकाणी ॲडमिननं तुटलेल्या सेशनला वेळेची मर्यादाही घातलेली असते, ती आधीच विचारून ठेवा.

लिनक्सवर उपाय सोपा आहे. आत गेल्यावर आधी टीमक्स किंवा स्क्रीन सुरू करा आणि काम त्याच्या आत लावा. मग तुमची तार तुटली तरी ते सेशन सर्व्हरवरच उभं राहतं. सकाळी जाऊन पुन्हा जोडून घ्यायचं.

मोठ्या मशीनवर मात्र हेही पुरत नाही. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रणेत लॉगिन नोड वेगळा आणि गणित करणारे नोड वेगळे असतात. लॉगिन नोड म्हणजे सगळ्यांची ओसरी. तिथेच जड काम लावलं तर बाकीच्यांची कळही उमटत नाही, आणि ॲडमिनची मेल येते ती वेगळीच. काम स्लर्मसारख्या शेड्युलरच्या रांगेत टाका. त्याचा तुमच्या सेशनशी संबंधच उरत नाही, लॅपटॉप खुशाल मिटा.

आता वेगाचं. माहूर ते पुणे सरळ रेषेत सुमारे ४५० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन यायला साडेचार मिलिसेकंद. प्रत्यक्षात वळणं, राऊटर आणि मोबाईल टॉवर मिळून याच्या कित्येक पट लागतात. नवरात्रात गडावर गर्दी उसळली की मग विचारूच नका. साध्या अक्षरांना ते चालतं. पण ग्राफची खिडकी एसएसएचमधून इकडे ओढली की प्रत्येक क्लिकला शंभर हेलपाटे होतात. ग्राफ तिकडेच काढून चित्राची फाईल करा आणि फक्त ती उतरवा. ४० जीबीचा डेटा घरी आणून उघडायचा हट्ट तर नकोच.

फील्डवर, नेट नसलेल्या गावात काम असेल तर गोष्ट वेगळी. तिथे लॅपटॉप दमदारच हवा. आमच्या ज्युनियरचं तसं नाही. त्याला सांगितलं, ८ जीबीचा साधा लॅपटॉप घे, कळफलक मात्र बोटांनी दाबून बघ. आणि त्याआधी राऊटरला लावायचा छोटा यूपीएस आण.