लांबचा विमानप्रवास आणि पायातली गुठळी

करी रोडच्या चाळीतून लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आजीच्या बॅगेत डिंकाचे लाडू, अहळीव, दुपटी असे सगळे काही असते. तिच्या पोटऱ्यांचा विचार मात्र घरात कोणी केलेला नसतो.

मुंबई ते न्यूयॉर्कजवळचे नेवार्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला साधारण पंधरा-सोळा तास लागतात. मार्ग वळवावा लागला तर जास्तच. त्याआधी सहारपर्यंत टॅक्सी, विमानतळावर तीन तास आणि तिकडे उतरल्यावर जावयाची गाडी. म्हणजे जवळजवळ वीस तास पाय खाली सोडून बसणे.

पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालणे थांबले की हा पंप थांबतो, खोलवरच्या शिरांत रक्त साचते आणि कधी कधी त्याची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो. यात दोष विमानाचाच असतो असे नाही. 1940 मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या काळात लंडनकर आश्रयस्थानांत खुर्च्यांवर बसून रात्र काढत, तेव्हाही असे मृत्यू झाले होते. डॉ. कीथ सिम्प्सन यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले. बस, रेल्वे, मोटारीतही हा धोका असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासाने गुठळीची शक्यता सुमारे दुप्पट होते. तरीही प्रमाण साधारण सहा हजारांत एक, त्यामुळे तिकीट रद्द करायचे कारण नाही. पण स्थूलपणा, पूर्वी झालेली गुठळी, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भनिरोधक गोळ्या असतील तर धोका वाढतो. विमानात सव्वापाच फुटांहून बुटक्या माणसांनाही तो अधिक आढळला. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि आसनाची कड गुडघ्यामागे रुतते, हे त्याचे संभाव्य कारण. आपल्याकडच्या बहुतेक आज्या याच उंचीच्या!

त्यात भर व्हीलचेअरची. भाषेची अडचण, चुकण्याची भीती म्हणून चांगली चालणारी माणसेही ती मागतात. सोबत मिळते हे खरे, पण चालायची हक्काची संधी जाते. शक्य असेल तर मदतनीसाबरोबर चालावे. विमानात कडेची जागा घ्यावी, दर तासा-दोन तासांनी उठावे, बसल्या जागी टाचा-चवडे वर-खाली करावेत. आजीला शेजाऱ्याला उठवायचा संकोच वाटतो, म्हणून ती पाणीच पीत नाही. तसे करू नये. झोपेची गोळी टाळावी. पायात पिशवी अडकवून ठेवू नये. धोका जास्त असलेल्यांनी निघण्याच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. दाबाचे मोजे किंवा इंजेक्शन लागेल का, ते तेच ठरवतील. मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नये.

गुठळीची लक्षणे बहुधा प्रवासानंतर दिसतात. पहिले दोन आठवडे जास्त जोखमीचे, पण त्यानंतरही काही आठवडे लक्ष हवे. दोन्ही पाय थोडे सुजले आणि एक-दोन दिवसांत उतरले तर सहसा चिंता नसते. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. धाप, छातीत कळ, थुंकीत रक्त यांपैकी काही दिसले तर थेट इस्पितळ, आणि विमानप्रवास झाल्याचे आधी सांगावे. तिकडचा खर्च ऐकून आजी पाय पदराखाली झाकते आणि ‘थकवा आहे’ म्हणते. तेव्हा लेकीनेच दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून घेर मोजावा.